सलोख्यासाठी निधी देताना: ठाणे-नवी मुंबईतील नव्या निधीदात्यांसाठी मार्गदर्शक

ठाणे आणि नवी मुंबईत समाजकार्यासाठी पैसा देणाऱ्यांची वाण नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंपन्यांचे सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) विभाग आहेत, घरगुती विश्वस्त निधी आहेत, रोटरी-लायन्ससारखे क्लब आहेत आणि अलीकडे मोठ्या गृहसंकुलांतील रहिवासीही वर्गणी काढून काही करू पाहतात. वह्या, रुग्णवाहिका, शाळेची खोली, शौचालय असे मोजता येण्याजोगे दान देण्याची बहुतेकांना सवय असते. वस्तीतील वेगवेगळ्या समाजांत टिकाऊ सलोखा व्हावा म्हणून निधी द्यायचे ठरले की मात्र हात अडखळतो, कारण नेमके कशाचे बिल मागायचे हेच कळत नाही. हा लेख अशा नवख्या निधीदात्यांसाठी आहे. कंपन्या आणि वस्तीत काम करणाऱ्या संस्था यांच्यातील दुवा म्हणून मी काही वर्षे काम करते आहे, आणि पुढे लिहिलेले बरेचसे चुकांमधून, त्यांतही काही माझ्याच चुकांमधून, शिकलेले आहे.

आधी शब्दाचा अर्थ ठरवून घेऊ. भांडणे होतच नाहीत अशी वस्ती मी पाहिलेली नाही. गाडी लावण्यावरून, नळावरून, कचऱ्यावरून, मिरवणुकीच्या आवाजावरून वाद होणारच. प्रश्न एवढाच असतो की वाद झाल्यावर एका गल्लीतील माणूस दुसऱ्या गल्लीत कोणाचे दार ठोठावू शकतो का. ते दार ओळखीचे असणे आणि रात्री साडेअकरालाही उघडणे, याला या लेखात सलोखा म्हटले आहे. अशी ओळख पैशाने विकत मिळत नाही, परंतु ती होण्यासाठी लागणारा वेळ, जागा आणि माणूस यांचा खर्च पैशाने भागवता येतो. निधीदात्याचे काम तेवढेच आहे.

पहिली पायरी: पैशाचा विषय न काढता वस्ती पाहा

प्रस्ताव मागवण्यापूर्वी किमान तीन महिने वस्तीत जा-ये ठेवावी आणि त्या काळात निधीचा उल्लेखही करू नये. पैसा येणार असे एकदा कानावर गेले की लोक आपल्याला हवी ती उत्तरे देऊ लागतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

नवी मुंबईत तर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडको या नवे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले, आणि पुढे प्रकल्पग्रस्तांना घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. त्यामुळे घणसोली किंवा कोपरखैरणेसारख्या ठिकाणी गावठाणातील आगरी-कोळी कुटुंबे, शेजारच्या सेक्टरमध्ये बाजार समितीत ओझी उचलणाऱ्या माथाडी कामगारांच्या वसाहती, त्यापलीकडे सिडकोची छोटी घरे आणि उंच इमारती, तर दिघा-तुर्भ्याच्या डोंगरउतारावर दगडखाणींच्या आधाराने वसलेल्या वस्त्या, असे थर एकमेकांना लागून दिसतात. गावठाणातील आजोबांच्या बोलण्यात ‘आमच्या जमिनीवर’ हे शब्द येतात, तेव्हा त्यामागे अर्ध्या शतकाची नोंद असते. ती ठाऊक नसलेला निधीदाता पहिल्याच बैठकीत ‘आपण सगळे नवी मुंबईकर’ असे म्हणून मोकळा होतो, आणि समोरची माणसे चहा संपवून उठतात. ठाण्यात हे थर वेगळ्या प्रकारचे आहेत. वागळे इस्टेटच्या कारखान्यांभोवती वाढलेल्या किसननगर, लोकमान्यनगरसारख्या वस्त्या, खाडीपलीकडचे कळवा-मुंब्रा आणि येऊरचे आदिवासी पाडे यांची प्रत्येकाची गोष्ट निराळी असल्यामुळे ‘ठाणे शहरासाठी सलोखा प्रकल्प’ ही कल्पनाच फार मोठ्या मापाची होते.

काय पाहायचे, हे विचाराल तर सकाळी नळावरची रांग पाहावी, संध्याकाळी मुले कुठे खेळतात ते पाहावे, आणि अंगणवाडीच्या सेविकाताईंशी निवांत बोलावे, कारण दोन्ही गल्ल्यांतील घरांत पाय असलेली ती बहुधा एकमेव व्यक्ती असते. घरात मयत झाले तर पलीकडच्या गल्लीतून कोण येते, आणि लग्नपत्रिका तिकडे कितीजणांना जाते, हे दोन प्रश्न मी नेहमी विचारते. छापील सर्वेक्षणाच्या चाळीस प्रश्नांतून जे निघत नाही ते या दोनांतून निघते.

दुसरी पायरी: विषय सलोख्याचा नको, गरजेचा घ्या

नवख्यांचा हात सर्वांत आधी एकता मेळाव्याकडे जातो. मंचावर वेगवेगळ्या धर्मांचे गुरू असतात, समई पेटवली जाते, भाषणे होतात आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो निघतो. मंचावरच्या मंडळींची एकमेकांशी ओळख आधीपासून असते. खाली खुर्च्यांवर बसलेली माणसे मात्र ज्यांच्याबरोबर आली त्यांच्याबरोबरच घरी जातात. अशा मेळाव्यांना माझा विरोध नाही, पण त्यांच्यावर तुमचा निधी खर्च होऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी दोन्ही बाजूंना सारखीच भासणारी आणि एका दिवसात न सुटणारी गरज शोधावी. दहावीच्या मुलांना अभ्यासाला जागा नसणे, कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांना सांभाळायला कोणी नसणे, पावसाळ्यात एकाच नाल्याचे पाणी दोन्हीकडच्या घरांत शिरणे, अशा गरजांभोवती माणसे वारंवार एकत्र येतात, आणि सलोखा होतो तो त्या वारंवारतेमुळे. कलाही याच कारणाने उपयोगी पडते. नाटककार रत्नाकर मतकरी यांच्या कल्पनेतून ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेने वस्त्यांतील मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला, त्यात मुले आपल्याच जगण्यातील विषयांवर नाटिका बसवतात. प्रेक्षकांना दिसतात ती शेवटची काही मिनिटे. मुले एकमेकांना ओळखू लागतात ती त्याआधीच्या तालमींत.

जागा निवडताना आणखी एक चौकशी जरूर करावी. त्या इमारती किंवा ती वस्ती येत्या दोन-तीन वर्षांत पुनर्विकासात जाणार आहे का? ठाण्यात समूह पुनर्विकासाची योजना जिथे लागू आहे तिथे निम्मी कुटुंबे भाड्याच्या घरांत किंवा संक्रमण शिबिरात विखुरली जाऊ शकतात. अशा ठिकाणी काम करूच नये असे नाही. उलट विखुरलेल्या शेजाऱ्यांना जोडून ठेवण्याची गरज तिथे अधिक असते. मात्र आराखडा तसा करावा लागतो.

तिसरी पायरी: संस्था निवडणे

कागदपत्रांची तपासणी हा यातील सोपा भाग आहे. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, आयकराची १२एबी (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही प्रमाणपत्रे, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि सीएसआरचा पैसा असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सीएसआर-१ नोंदणी क्रमांक, एवढे पाहून पुढे जावे.

कागदावर न दिसणाऱ्या गोष्टींना अधिक वेळ द्यावा. संस्थेची कार्यकर्ती त्या वस्तीत किती वर्षे आहे, आणि तिच्या आधीची का गेली? संस्थेचे स्वतःचे मनुष्यबळ एकाच समाजाचे आहे का? वस्तीत शेवटचा तणाव झाला त्या रात्री संस्थेतील कोण तिथे होते? या शेवटच्या प्रश्नाला अहवाल पुढे करणाऱ्या संस्थेपेक्षा दोन माणसांची नावे सांगणाऱ्या संस्थेवर मी अधिक विश्वास ठेवते.

वस्तीतील खरे काम पुष्कळदा नोंदणी नसलेल्या महिला बचत गटांकडे, क्रिकेटच्या संघाकडे किंवा गणेशोत्सव मंडळातील चार मुलांकडे असते. त्यांना थेट निधी देता येत नसेल तर नोंदणीकृत संस्थेच्या अंदाजपत्रकात त्यांच्या उपक्रमांचा खर्च धरावा. परदेशी निधी असेल तर मात्र सावध राहावे. एफसीआरए या परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे.

चौथी पायरी: मुदत आणि वेळापत्रक

येथे थोडे थांबून लिहिते, कारण बहुतेक प्रकल्प याच ठिकाणी मोडतात.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एखादी मर्यादा गाठतो, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. या खर्चासाठी चालणाऱ्या विषयांची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे, आणि तीत ‘सामाजिक सलोखा’ असे कलम नाही, त्यामुळे काही अधिकारी असा प्रस्ताव पाहताच बाजूला ठेवतात. ते तितकेसे बरोबर नाही. सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या मागास गटांना भोगावी लागणारी विषमता कमी करणे, शिक्षण, महिलांचे सक्षमीकरण, सार्वजनिक वाचनालये, कला-संस्कृती आणि वस्ती विकास हे विषय त्या परिशिष्टात आहेत, आणि वर सांगितलेल्या बहुतेक गरजा त्यांत प्रामाणिकपणे बसतात.

मुदतीच्या बाबतीत अडचण कायद्यापेक्षा आपल्या सवयीची जास्त आहे. दीर्घ मुदतीचा प्रकल्प सुरू झालेले आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षे चालवण्याची मुभा कायदा देतो, म्हणजे चार आर्थिक वर्षांपर्यंत काम करता येते, आणि अशा प्रकल्पाची न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत स्वतंत्र खात्यात वळवून पुढे वापरता येते. तरीही कित्येक कंपन्या दरवर्षी नवी मंजुरी, नवा करार आणि नवा हप्ता असा खेळ मांडतात.

त्याचा परिणाम मी जवळून पाहिला आहे. ऐरोलीच्या बाजूला दोन गल्ल्यांच्या मधोमध, एका समाजमंदिराच्या खोलीत आम्ही अभ्यासिका सुरू केली होती. खोलीची किल्ली वस्तीतच राहणाऱ्या एका ताईंकडे असे. त्यांनी सुरुवातीलाच एक गोष्ट हेरली होती: दोन्ही गल्ल्यांतील मुले आपापल्या सतरंजीवर बसत आणि मधली फरशी रिकामी राही. त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. गणिताची पुस्तके कमी आहेत असे म्हणून तीन मुलांत एक पुस्तक दिले आणि गट स्वतः पाडले. दिवाळीपर्यंत सतरंज्या एकमेकींना चिकटल्या होत्या. पुढे ३१ मार्चला करार संपला. नव्या मंजुरीची फाईल निधीदात्याच्या कार्यालयात फिरत राहिली, जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या तरी पैसे आले नाहीत, आणि पाच महिने बिनपगारी राहिलेल्या ताईंनी एका मॉलमध्ये नोकरी धरली. ऑगस्टअखेरीस हप्ता आला तेव्हा नवी शिक्षिका, नवी हजेरी आणि पुन्हा दोन सतरंज्या अशी स्थिती होती. मंजुरी रखडणार हे मला एप्रिलमध्येच कळायला हवे होते आणि मी तेव्हाच आरडाओरडा करायला हवा होता. मी नम्रपणे ईमेल पाठवत बसले.

म्हणून करार पहिल्याच दिवशी संपूर्ण मुदतीचा करावा, पहिला हप्ता शाळा उघडण्याआधी द्यावा आणि संस्थेच्या हाती कायम तीन ते चार महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम राहील अशी हप्त्यांची रचना ठेवावी. कौटुंबिक विश्वस्त निधीवर कंपनीच्या कलमाचे बंधन नसते, तेव्हा त्यांनी पाच-सात वर्षांचा शब्द द्यायला कचरू नये.

पाचवी पायरी: अंदाजपत्रकात काय हवे

सलोख्याच्या कामात सर्वांत मोठा खर्च माणसाच्या पगाराचा असतो, आणि तो तसाच असायला हवा. वस्तीतील कार्यकर्तीचे मानधन म्हणजे ‘वरखर्च’ असे समजून त्याला कात्री लावली जाते, तेव्हा प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत ठेवण्याच्या नियमाचा दाखला देण्यात येतो. तो नियम कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला लागू आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्यासाठी लागणारा पगार त्यात येत नाही. आपल्या लेखा विभागाला हे एकदा समजावून सांगितलेत तर संस्थेची वर्षभराची डोकेदुखी वाचेल.

दुसरे, चहापाणी. हा शब्द अंदाजपत्रकात दिसला की हिशेबनीस भुवया उंचावतात. उदाहरणादाखल, महिन्याला दोन बैठका, प्रत्येकीला ३० माणसे आणि माणशी २० रुपये धरले, तर वर्षाचे १४,४०० रुपये होतात. एका सायंकाळच्या मंडप, ध्वनिक्षेपक आणि फलकांवर याहून कितीतरी अधिक उडतात. बैठक सातला संपते आणि चहामुळे माणसे पावणेआठपर्यंत रेंगाळतात. गावठाणातील मावशींना सेक्टरमधल्या वहिनींच्या मुलीचे लग्न ठरल्याचे कळते ते त्या पाऊण तासात.

याखेरीज जागेचे भाडे, वीजबिल, कार्यकर्तीचे प्रशिक्षण आणि कोणतेही शीर्षक नसलेली एक छोटी रक्कम ठेवावी. पाणी शिरले, आग लागली, कोणाला मध्यरात्री रुग्णालयात न्यावे लागले, अशा वेळी ती रक्कम वापरण्याचा अधिकार कार्यकर्तीला असावा आणि पावती नंतर दिली तरी चालावी.

सहावी पायरी: काय देऊ नये

यादी करून वस्तूंचे वाटप करणे शक्यतो टाळावे. एका वस्तीत साठ बायकांच्या बचत गटांना वीस शिलाई यंत्रे आली. देणाऱ्याचा हेतू उत्तम होता. निवड चिठ्ठ्या टाकून झाली होती, तरीही वीसपैकी अकरा चिठ्ठ्या एकाच गल्लीच्या निघाल्या, आणि चिठ्ठ्या कोणी घडी केल्या यावरून सुरू झालेली कुजबुज गणपतीपर्यंत संपली नव्हती. यंत्रे सामाईक शिवणकेंद्रात ठेवून वेळा वाटून घेतल्या असत्या, तर त्याच पैशातून साठही जणी रोज एकत्र आल्या असत्या.

फलक आणि टी-शर्ट यांचा मोहही आवरावा. कंपनीच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून केलेले प्रायोजकत्व सीएसआर नियमांनुसार खर्चात धरताच येत नाही, आणि मॅरेथॉन, पुरस्कार यांसारखे एकदाच होणारे कार्यक्रम त्यात बसत नाहीत असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकातच सांगितले होते. राजकीय पक्षाला दिलेला निधीही बाद होतो. तेव्हा निवडणुकीच्या हंगामात उद्घाटनाला कोणाला बोलवायचे, याचा निर्णय संस्थेवर न ढकलता उद्घाटनच टाळलेले बरे.

सातवी पायरी: मोजमाप

ज्या कंपनीचे सीएसआर दायित्व मागील तीन वर्षांत सरासरी १० कोटी रुपये किंवा अधिक आहे, तिला १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे परिणाम मूल्यमापन त्रयस्थाकडून करून घ्यावे लागते. बाकीच्यांनी स्वतःहून साधे मोजमाप ठेवावे. किती कार्यक्रम झाले हे लिहू नये असे नाही, पण त्यावरून फारसे कळत नाही. वर्षातून दोनदा काही ठरलेल्या कुटुंबांना विचारावे की पलीकडच्या गल्लीतील किती जणांचे क्रमांक तुमच्या फोनमध्ये आहेत, आणि गेल्या सहा महिन्यांत त्यांपैकी कोणाला फोन केला. बैठकीत कोण कोणाशेजारी बसले याचे हाताने काढलेले चित्र कार्यकर्तीने वहीत ठेवावे. वाद किती झाले यापेक्षा किती वाद बैठकीपर्यंत आणले गेले हे नोंदवावे, आणि हा आकडा वाढला तर घाबरू नये. आधी ते वाद कुठेच आणले जात नव्हते.

आठवी पायरी: तणावाच्या दिवसांत

या बाबतीत आपल्याच जिल्ह्याचा धडा जवळ आहे. मे १९८४ मध्ये भिवंडीत मोठी दंगल झाली होती. त्यानंतर तिथे पोलीस उपायुक्त असताना सुरेश खोपडे यांनी दोन्ही समाजांतील सामान्य रहिवाशांच्या मोहल्ला कमिट्या बांधल्या, ज्या शांततेच्या काळात रोजच्या तक्रारींसाठी भेटत असत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडीत दंगल उसळली नाही. कमिट्या आधीपासून होत्या आणि माणसे एकमेकांना नावाने ओळखत होती, ही त्यातील निधीदात्याने लक्षात घ्यावयाची बाब आहे.

तणाव सुरू झाल्यावर निधीदात्याने फार काही करायचे नसते. त्या आठवड्याचा अहवाल, फोटो आणि ठरलेले कार्यक्रम माफ करावेत. व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर खरा की खोटा हे कंपनीच्या समूहात विचारत बसण्याऐवजी कार्यकर्तीला फोन करून ‘तुम्ही सुखरूप आहात ना, काही लागेल का’ एवढेच विचारावे. प्रसिद्धिपत्रक काढू नये. वस्तीतील कोणाचेही नाव आपल्या तोंडून बाहेर जाऊ नये.

नववी पायरी: बाहेर पडणे

निधी कधी थांबणार हे वस्तीला दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच सांगावे, शेवटच्या तिमाहीत नव्हे. तिसऱ्या वर्षापासून जागेचे भाडे आणि चहा यांचा काही वाटा स्थानिक वर्गणीतून यावा; रक्कम किती जमते यापेक्षा दोन्ही गल्ल्यांतून जमते का, ते पाहावे. समाजमंदिर वापरण्याची महापालिकेची परवानगी संस्थेच्या नावाऐवजी स्थानिक गटाच्या नावे करून घेण्यास बराच वेळ लागतो, म्हणून तो अर्ज लवकर टाकावा.

सीएसआरमधून घेतलेल्या मालमत्तेची मालकी कंपनीकडे राहू शकत नाही; ती सीएसआर क्रमांक असलेल्या नोंदणीकृत संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या बचत गटाकडे वा समूहाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावी लागते. शेवटच्या वर्षी कपाट, पुस्तके, पंखे, सतरंज्या यांची यादी करून हस्तांतराचा कागद दोन्ही गल्ल्यांतील माणसांच्या सह्यांनी पूर्ण करावा. किल्ल्या दोन कराव्यात आणि प्रत्येक गल्लीत एकेक ठेवावी. कुलूप मात्र एकच असावे.